चौदाच्या जागी शून्य

सोसायटीच्या सभेत क्लबहाउसमधल्या पडद्यावर अस्मितानं पाण्याची शीट उघडली आणि खुर्च्यांमध्ये हसू फुटलं. या महिन्याचा रकाना वरपासून खालपर्यंत शून्य होता.

"आखो महिनो कोई नाह्युं ज नथी के शुं, दादा?" महिनाभर कुणी आंघोळच केली नाही की काय, असा जिग्नेशभाईंनी गुजरातीत टोमणा मारला.

दादा म्हणजे अस्मिताचे सासरे, सुभानराव. रोज गच्चीवर चढायचं, टाकीच्या मीटरवरचा दिवसाचा वापर पाहायचा आणि फोनवरून शीटमध्ये भरायचा, हे काम त्यांनी या महिन्यापासून हौसेनं मागून घेतलं होतं. त्याआधी अस्मिताच ते करायची. ती रसायनशास्त्र शिकवत असे; शीटही तिचीच.

"अगं, पण मी तर रोज..." सुभानराव उठून उभे राहिले.

"बसा, बाबा." सासरे म्हणून पाठीशी घातलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिचा आवाज जरा चढलाच. "शीट काय खोटं बोलते? चढणं होत नव्हतं तर सांगायचं होतं."

ते बसले. गच्चीची किल्ली तिनं तिथल्या तिथं जिग्नेशभाईंना दिली.

घरी सुभानराव जेवताना मुलाला म्हणाले, "नील, मला एकदा डॉक्टरांना दाखव. रोज शिडी चढलेली मला आठवते, आकडे भरलेले आठवतात. आणि तिथं काहीच नाही. माझं डोकं कामातून चाललंय का रे?"

नीलनं अस्मिताकडे पाहिलं. तिनं हातातला घास खाली ठेवला.

ताटावरून उठून तिनं लॅपटॉप उघडला. एका शून्यावर क्लिक केलं. वरच्या पट्टीत, जिथं चौकटीतली खरी संख्या दिसते, तिथं चौदा होते. खालच्या शून्यात पंधरा. त्याखाली तेरा. एकही दिवस चुकला नव्हता.

तिचे कान तापले. मीटरचा लिटरमधला पूर्ण आकडा भरायचा आणि शीटनं तो हजारांत दाखवायचा, असं फॉरमॅट त्या रकान्याला तिनंच दिलं होतं. चौदा हजार दोनशे लिहिले की डोळ्यांना चौदा दिसत. नुसते चौदा लिहिले, तर हजारांत ते शून्यच. आणि रकान्याच्या माथ्यावर तिनंच लिहिलं होतं, 'हजार लिटर'. सुभानरावांनी ते वाचलं होतं, आधीच्या महिन्याच्या रकान्यातले चौदा-पंधरा पाहिले होते आणि शहाण्या माणसानं भरावं तसं भरलं होतं. एका हातानं शिडी धरलेली. आकडा भरला की फोन खिशात. पुढं काय दिसतं, ते पाहायचं काम तिचं होतं. महिनाभर तिनं शीट उघडलीच नव्हती.

आता आकडे दुरुस्त केले तर कुणाला कळणार नाही, हा विचार तिच्या मनात आला. तो आला याचीच तिला जास्त लाज वाटली.

सुभानराव झोपाळ्यावर बसले होते. ती लॅपटॉप घेऊन त्यांच्यापाशी गेली आणि एकेक चौकट उघडून दाखवली. शेवटची चौकट त्यांनी स्वतः उघडून पाहिली.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही, बाबा. मी चुकले."

"मग नीलला सांग, डॉक्टर नको." झोपाळा थांबवून ते म्हणाले, "मला तू सांगितलंस ते ठीक. पण गप्प बसवलंस तू मला तिथं, सगळ्यांसमोर."

"हो."

तिनं एकही आकडा बदलला नाही. चौकटीत शून्य आणि वर चौदा, असा एक स्क्रीनशॉट काढून तिनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहू लागली, 'शीटच्या फॉरमॅटमुळे झालेल्या गैरसमजाबद्दल...' तिनं ते पुसलं. 'बाबा रोज चढत होते. चूक माझी होती, आणि मी त्यांना बोलूही दिलं नाही.'

तेवढं पाठवून ती चपला घालून जिग्नेशभाईंकडे बाबांसाठी गच्चीची किल्ली परत मागायला निघाली.