दहा पंप आणि एक करार

साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप बनायचे, आणि त्यांचे पितळी दट्टे नळीत बसवायचं काम माझं. वीस वर्षं मी तेच केलं. कानस फिरवायची, बसवून बघायचं, पुन्हा फिरवायची. माझा पंप गळला असं एकाही दुकानदाराने कधी म्हटलं नाही. मला गर्व होता, तो कशाला लपवू?

पण शहाऐंशी साली आमची वाट लागली. भांडुपच्या एका कंपनीने जपान्यांशी करार केला आणि त्यांचे हलके प्लास्टिकचे पंप बाजारात आले. आमच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. आमचे मालक, चंद्रप्रकाश परब, दिवसभर परदेशी कंपन्यांना पत्रं टाइप करत बसायचे. शेवटी एक जर्मन यायला तयार झाला.

"दत्ताराम, हा माणूस हातचा गेला तर दिवाळीपर्यंत टाळं लागेल," मालक म्हणाले. "दहा पंप बनव. एकदम झकास."

सव्वीस माणसांची पोटं त्या दहा पंपांवर होती. मी दुसऱ्या कुणाला हातच लावू दिला नाही. एकेका पंपाला एकेक दिवस घेतला.

जर्मन आला. उंच, घामाघूम, बोलायला बरा. त्याने पंप मारून बघितले, मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला. मग तो मालकांना इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

"सगळे खोल म्हणतोय," मालक म्हणाले.

मी खोलले. त्याने दहाही दट्टे एका ट्रेमध्ये ओतले, हाताने कालवले आणि मला पुन्हा जोडायला लावले. काही नळीत अडकले, काही आत खुळखुळले. नीट बसला तो एकच, तोही नशिबाने.

"मालक, पाच मिनिटं थांबायला सांगा त्याला, मी बसवतो," म्हणत मी कानस उचलली. त्या माणसाने माझं मनगट धरलं. हळूच धरलं, पण धरलं. त्यांच्याकडचा कुठलाही दट्टा कुठल्याही नळीत बसतो, कानस लागतच नाही, असं मालकांनी मला समजावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "सही करतोय तो," म्हणाले. मी त्यांचे पायच धरणार होतो.

"आधी ऐक. त्याला आपले पंप नकोत. परदेशी कंपनीला इथे एकटीला धंदा करू देत नाहीत. परवाना आपला, दुकानदार आपले, म्हणून आलाय तो. पार्ट तिकडून पेटीत येणार. आपण नुसते जोडायचे."

"किती माणसं लागतील?"

"चार." त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "सही नाही केली तर सव्वीसही जातात रे. कुणाला ठेवायचं ती चार नावं तूच लिहून दे. मला नाही जमणार."

कारखाना त्यांचा, आणि पाप माझ्या हातून. मला असा संताप आला, पण ओरडायचीही हिंमत झाली नाही. ते पार्ट कुणीही पोरगा एका दिवसात जोडायला शिकला असता. माझ्यासारख्या कानसवाल्याचं तिथे काहीच काम नव्हतं, आणि पन्नाशीत मला दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं.

मी कागद लिहिला, घडी घातली आणि मालकांच्या हातात दिला.

बाहेर लवू थांबला होता. वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर काम केलेला, तीन मुलींचा बाप.

"जमलं काय रे?" त्याने विचारलं.

"जमलं," मी म्हणालो.

त्याने माझे दोन्ही हात घट्ट धरले, देवाचं नाव घेतलं. कागदावर पहिलं नाव मी माझं लिहिलं होतं, आणि त्याचं कुठेच लिहिलं नव्हतं.