डाव्या भुवईवरचं दुखणं

आमचे हे घरात शिरताना डावा खांदा चौकटीला आपटायला लागले, तेव्हा मला आधी दारूचाच संशय आला. तोंडाचा वास घेतला, खिसे चाचपले. काही सापडलं नाही. विचारलं की एकच पालुपद, डोकं दुखतंय. डाव्या भुवईवर बोट दाबून बसायचे. वळ गावच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस स्वतःच्या दाराला धडकतो, हे काही माझ्या पचनी पडेना.

डोळ्यांच्या दवाखान्यात एकटेच जाऊन आले. नजर चांगली आहे, उन्हानं डोकं दुखतं, असं सांगितलं म्हणे. दुखणं थांबेना, तेव्हा मी यांना पुन्हा ओढून नेलं आणि सोबत बसले.

बाकावर बहुतेक डोकेदुखीवालेच होते. आत अक्षरांचा तक्ता, मध्ये नुसता पडदा. आमच्या कामतघरची माणसं लूमवर आयुष्य काढलेली. त्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय घरी सुटत नाही, ती दवाखान्यात काय सुटणार? जो तो अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असा तक्ता वाचत होता. सहज यांच्याकडे बघितलं, तर यांचे ओठ हलत होते.

माझ्या मनात पाल चुकचुकली. नंबर आला तशी मीही आत घुसले. डॉक्टरांनी यांचा उजवा डोळा झाकला. यांनी डाव्या डोळ्यानं शेवटची ओळ पाढा म्हणावा तशी म्हणून टाकली.

"डॉक्टरसाहेब, दुसरा तक्ता लावा," मी म्हटलं.

यांनी माझं मनगट धरलं. "हौसा, गप ऱ्हा. नोकरी जाईल."

ते मला कळत नव्हतं असं नाही. घर त्या गाडीवरच चाललं होतं. तरी मनगट सोडवून मी तेच पुन्हा म्हटलं.

दुसऱ्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही यांना दिसेना. डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला. काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नव्हती. आजपासून औषध घातलं तर उजवा वाचेल, म्हणाले. फोर्कलिफ्ट मात्र बंद.

घरी जाताना रिक्षात मी यांच्या डाव्या हाताला बसले. माझ्याकडे बघायचं तर यांना पूर्ण मान वळवावी लागली असती. कामतघर येईपर्यंत यांनी ती वळवली नाही.