अकरावा कप

चाळीस वर्षं मी मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होतो. समुद्रात पिण्याचं पाणी मोजून देणं माझ्याकडे असायचं आणि कुठल्याही खलाशाला नाही म्हणताना माझी जीभ अडखळली नाही. पण घरात बायकोला, गुणवंतीला, नाही म्हणायची वेळ आली आणि माझी त्रेधातिरपीट उडाली.

दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि दिवसाला एकच लिटर पाणी, चहा नि पेजेसकट. कोकणातल्या आमच्या भाट्याच्या उकाड्यात एक लिटर! संध्याकाळी ती रिकामा कप पुढे धरायची आणि मी भलतीकडेच बघत "झालं गुणे" म्हणायचो.

पुण्याला कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या आमच्या लेकीने, राजश्रीने, मग फोनवर एक प्रोग्रॅम करून दिला. एक कप म्हणजे ०.१ लिटर. कप दिला की बटण दाबायचं, लिटर भरला की घंटा वाजेल. मी सुटलो. मोजणंच सोडलं आणि घंटा होईपर्यंत खुशाल ओतत राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. दर खेपेला गुणवंतीचं वजन पाव किलो जास्त भरत होतं. "पाणी जास्त जातंय. असंच चाललं तर फुप्फुसांत साचेल."  घरी येऊन नुसतं बटण दाबत मोजलं. दहाव्याला पडद्यावर १.० आलं, घंटा गप्प. अकराव्याला वाजली.

राजश्रीला फोनवर असा फैलावर घेतला की पोर रडली. मग नाक ओढत म्हणाली, "आप्पा, तुमची जुनी मापं आठवा. अर्धा, पाव, आदपाव, छटाक. प्रत्येक वेळी निम्मं. यंत्राकडे तेवढीच मापं. त्यांनी एक दशांश कधीच नेमका भरत नाही. कितीही बारीक माप घ्या, काहीतरी कमीजास्त राहतंच. शेवटी जागा संपते आणि ते जवळचा आकडा धरतं. असे दहा मिळवताना दर बेरजेलाही तेच होतं, आणि शेवटी बेरीज एकाला केसभर कमी पडते. पडद्यावर मात्र १.० दिसतं. चूक माझी. मी लिटर नाही, कप मोजायला हवे होते. दहा म्हणजे दहा."

तिने लगेच दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी दहाव्या कपालाच घंटा वाजली. गुणवंतीने कप खाली ठेवला.

"रोज अकरावा जात होता, तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पयल्या दिवसापासून. मी बोटांवर मोजत होते."

"मग बोललीस का नाय? जीवावर बेतलं असतं!" मी ओरडलोच.

"दोन वर्षांत पयल्यांदा तुमी तोंड न फिरवता पाणी दिलंत. वर हसत होतात. तो कप कसा सोडू?"

 तिच्यापेक्षा मलाच त्या घंटेची तहान होती, हे मला तेव्हा कळलं.

"ती घंटा बंद करा," ती म्हणाली. "फोनावर काय रुसायचं? तुमीच नाय म्हणा. पण माझ्याकडे बघून."

मी घंटा बंद केली. तिने कप पुढे धरला. मी तिच्याकडे बघितलं, डोळे भरून आले तरी बघत राहिलो.

"नाय गुणे."

ती भिंतीकडे तोंड करून रुसून बसली, आणि हात मात्र माझ्या हातात दिला.