गवताखालची आमची माणसं

मित्रांनो, मी पहार. जुनी आहे, टोकाला जराशी वाकडी आहे, पण खोटं बोलायची सवय मला नाही. मुरूम लागला की ठण्ण म्हणते, मऊ माती लागली की मुकाट आत जाते.

कशेळ्याच्या लोहाराने मला एका मालकाच्या विहिरीसाठी घडवलं. विहीर झाली, माझं टोक बोथटलं, तसं मालकाने मला नागूकडे फेकलं. नागू त्याचा वेठीचा गडी. लग्नाच्या खर्चापायी तो आणि त्याची बायको कोंडी मालकाकडे जन्माची बांधली गेली होती. नागूचा बाप, आजाही तसेच राबून मेले. नागूच्या हातात मी पुष्कळ काम केलं. "नागूच्या पहारीला तोड नाय," असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायची. वाडीत कोणी गेलं की माळावर खड्डाही मीच खणायची. पण त्यावर दगड मांडायचा नाही, असा मालकाचा हुकूम होता. का, तर गवत कापताना विळे बोथट होतात! माणसापेक्षा विळ्याची काळजी. अजून आठवलं की माझं अंग तापतं.

पुढे वेठ संपली, नागूही गेला. मला कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलं. वर्षानुवर्षं मी गंज खात त्यांची कटकट ऐकत राहिले.

गेल्या वर्षी माळ विकला गेला. बंगल्यांसाठी जमीन सपाट करायला जेसीबी आला. नागूची मुलगी चिंधी आता सत्तरीच्या पुढची. ती काठी टेकत गेली आणि मशीनच्या पुढ्यातच बसली.

"हितं माझी आय हाय रं. आमची समदी मानसं हितंच हायेत."

मुकादम म्हणाला, "आजी, खूण कुठाय? नुसतं गवत दिसतंय."

जेसीबी चालवणारा खोपोलीचा झहीर. त्याने इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली. "कबरीवर बकेट नाय चालवणार मी. दुसरा बघा."

मुकादम चरफडला. "दुपारपर्यंत खूण दाखवा. नाहीतर दुसरी मशीन मागवतो."

चिंधीची नात ललिता धावत घरी आली आणि तिने मला खुराड्याखालून ओढलं. कोंबड्यांनी एकच गिल्ला केला. माळावर चिंधी जागा दाखवायची, झहीर आणि ललिता आळीपाळीने मला जमिनीत खुपसायचे. तेही खड्ड्याच्या पायाकडच्या कडेला, आतल्या माणसाला धक्का नको म्हणून. ठण्ण. ठण्ण. मग एकदम मी कमरेइतकी आत सरकले. एकदा खणलेली माती पुन्हा मुरमासारखी घट्ट होत नाही, मित्रांनो. ललिताने फक्कीची पांढरी रेघ ओढली. असं करत करत सतरा जागा सापडल्या. मुकादम मोबाइलवर फोटो काढत होता.

पण चिंधीची आय काही सापडेना. शेवटी ओढ्याच्या कडेला मी मऊ मातीत शिरले आणि गुडघाभर जाऊन अडले.

"ही कबर नसंल," झहीर म्हणाला.

चिंधी तिथेच बसली आणि मोठ्याने रडली. "हीच माझी आय! मालकानं बाबाला अर्धाच दिस दिल्ता, भाताची झोडणी होती. खोल खणाया येळच नाय मिळाला."

खरं आहे ते. नागूने त्यासाठी स्वतःला जन्मभर माफ केलं नाही.

मुकादमाने त्या दिवशी मशीन परत पाठवली. बंगल्यांचं कुंपण कुठून जाणार ते अजून ठरायचंय. वाडीने अर्ज दिलाय, त्यावर सगळ्यांचे अंगठे नि सह्या आहेत, आणि आम्ही काही मागे हटणार नाही. मित्रांनो, तुमच्या गावाजवळही असा एखादा माळ असेल. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना हाताला धरून तिथे न्या. नावं विचारा, दगड मांडा.

मशीन गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळी वाडी ओढ्यातले दगड वाहू लागली. कोंडीच्या जागेवर चिंधी स्वतः दगड रचत होती. ऊन चढलं तशी ललिता म्हणाली, "आजी, दमलीस गं. बाकीचं उद्या करू."

"नाय," चिंधी म्हणाली. "आज पुरा दिस हाय, नि कोनाला इचारायचं नाय."