नव्या फायलीत आरती नव्हती

“हाय का न्हाई तिचं नाव, तेवढं सांगा,” हणमंतराव म्हणाले.

रेणुकादासने आरतीचा रोल नंबर टाकला. लातूरच्या त्या क्लासचा सर्व्हर कोण कधी परीक्षेला बसलं याच्या नोंदी आपणहून लिहीत असे, आणि त्याची राखण रेणुकादासकडे होती. स्क्रीनवर काहीच आलं नाही.

“नाही. ती बसलीच नव्हती.”

“मी खरं बोलायले, पप्पा. पेपर दिला मी. शेवटाला कॉम्प्युटर अडकला,” आरती म्हणाली.

पण निकालात ती गैरहजर होती, आणि परीक्षा बुडवून वर खोटं बोलणाऱ्याला समोर बसलेल्या, क्लास चालवणाऱ्या सरांकडे माफी नव्हती. “घरी घेऊन जा,” ते म्हणाले. देवणीकडच्या खेड्यातून डॉक्टर व्हायला आलेल्या पोरीचं डॉक्टर होणं तिथंच आटोपलं. हणमंतरावांनी लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

बापलेक हॉस्टेलकडे गेले. रेणुकादासने चहा मागवला. पोरगी रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली होती. मनाची समजूत घालायला म्हणून त्याने क्लासातल्या पहिल्या नंबराच्या शिवमचा नंबर टाकला. शिवमही नाही. मग आणखी एकाचा टाकला, तोही नाही. फाईल कोरी करकरीत होती.

नोंदींची फाईल फुगून डिस्क भरत चालली होती, म्हणून परीक्षेच्या आधी रेणुकादासनेच व्यवस्था लावली होती: दर आठवड्याला जुन्या फायलीला दुसरं नाव देऊन बाजूला ठेवायचं आणि तिच्या जागी कोरी उघडायची. फाईल बदलली, हे नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला कळवणारी एक ओळ तेवढी राहिली होती. बिचारा प्रोग्रॅम जुन्याच फायलीत लिहीत बसला होता.

भूकंपानंतर रेणुकादासचं गाव नव्या जागी वसलं तेव्हा घरची देवणी गाय अशीच वागायची. दावं सोडलं की थेट जुन्या गावात जाऊन, पडलेल्या गोठ्याच्या जागी उभी. वडील काठी उगारायचे आणि लहानगा रेणुकादास त्यांच्या हाताला लोंबकळायचा. गायीला काय दोष? आज मात्र त्याने चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती.

त्याने जुनी फाईल उघडली. आरती वेळेवर आली होती, शेवटच्या प्रश्नापर्यंत उत्तरं देत गेली होती, आणि पेपर जमा करताना सर्व्हरनेच मान टाकली होती. राहिलेली ओळ लिहून तो सरांपुढे उभा राहिला आणि चूक आपली असल्याचं त्याने सांगून टाकलं. सर वाट्टेल ते बोलले. शेवटी म्हणाले, “थांबवा त्यांना.” एवढ्या शिव्या खाऊन इतक्या आनंदाने पळालेला माणूस त्या क्लासने पाहिला नव्हता.

हॉस्टेलसमोर हणमंतराव ऑटोच्या टपावर गादी बांधत होते.

“थांबा. तिनं पेपर दिलाय. माझीच चूक झाली. नाव काढत नाहीत तिचं.”

हणमंतरावांच्या हातातला दोर तसाच राहिला. “मला नगा सांगू, साहेब. तिला सांगा.”

आरती ट्रंक घेऊन पायरीवर उभी होती. “तू खरं बोलत होतीस,” रेणुकादास म्हणाला. ती मटकन खाली बसली आणि तेव्हा कुठे रडली.

“म्याबी तुझं ऐकलं न्हाई, बाय,” हणमंतराव म्हणाले.

तिने ओढणीने तोंड पुसलं. “गादी उतरवा, पप्पा. दुपारून बायोलॉजीचा तास हाय.”

गाठ रागाच्या भरात आवळलेली, सुटता सुटेना. ऑटोवाल्याने कोयता पुढे केला. हणमंतरावांनी नको म्हणून मान हलवली आणि ते दातांनी गाठ सोडवू लागले. गादी घसरू नये म्हणून रेणुकादासने ती खालून धरून ठेवली.