काय म्हणालात?

मी एक जुना मातकट टेलिफोन आहे. हा रंग कोणी हौसेनं निवडत नाही. दोन बलाढ्य शेजारी देशांच्या राजधान्यांना थेट बोलता यावं म्हणून माझी जोडी घडवली, तेव्हा एकाला लाल चालेना आणि दुसऱ्याला निळा. शेवटी दोघांनाही सारखाच न आवडणारा रंग ठरला. मित्रांनो, यालाच करार म्हणतात. माझं अंग या देशात बनलं, रिसिव्हरची वळ्यावळ्यांची वायर पलीकडच्या. उद्घाटनाला मैत्रीवर लांबलचक भाषणं झाली, मग मला तळमजल्यावरच्या खोलीत ठेवून सगळे जेवायला गेले.

दोन्ही देशांची भाषा एकच होती. त्यामुळे गैरसमज करून घ्यायला दुभाष्या लागत नसे.

मी चालू आहे की नाही, हे रोज सकाळी तपासायचा नियम होता. इकडून ऑपरेटर ताई बोलायची, तिकडून एक तरुण ऑपरेटर. आवाज येतोय का विचारायचं, येतोय म्हणायचं आणि ठेवायचं, एवढंच काम. पण माणसं एवढ्यावर थांबत नाहीत. आधी हवापाणी झालं, मग घरचं निघालं, आणि एके दिवशी ताईनं आपल्या धाकट्या बहिणीचं स्थळ सुचवलं. लग्न झालं, बहीण पलीकडे नांदायला गेली. तेव्हापासून ताई त्याला 'जावईबापू' म्हणून चिडवी. माझ्यामुळे झालेला आणि टिकलेला करार तेवढा एकच.

पुढे समुद्रातल्या एका खडकावरून बिनसलं. तिथे फक्त पक्षी बसत, आणि पक्षी खडकाचं जे करतात ते त्यांनी करून ठेवलं होतं. पलीकडच्यांनी त्यावर झेंडा लावला, म्हणून इकडच्यांनी शेजारी जहाज उभं केलं. म्हणून त्यांनी त्याहून मोठं जहाज आणलं. म्हणून इकडे क्षेपणास्त्रं आली. प्रत्येक जण फक्त स्वतःचा बचाव करत होता. हल्ल्याची तयारी करणारा एकही माणूस मला त्या खोलीत भेटला नाही.

त्यातच माझी वायर बिघडली. खरखर होई आणि मधलाच शब्द गिळला जाई. मेकॅनिक म्हणाला, नवी लागेल, पण ती मिळते पलीकडे. तिकडचा माल घेणं तोवर देशद्रोहात जमा झालं होतं. वायर आपणच बनवायचं ठरलं. कारखान्याची कोनशिला बसली, टाळ्या झाल्या. वायर काही आली नाही. मेकॅनिकनं चिकटपट्टी गुंडाळून माझी समजूत काढली.

ताईचं त्यानं अडलं नाही. शब्द गेला की ती विचारी, "काय म्हणालात?" आणि जावईबापू पुन्हा सांगत. बहिणीला दिवस गेल्याची बातमी त्यांना इतकी ओरडून सांगावी लागली, की अख्खा मजला ताईच्या अभिनंदनाला आला. साहेब लोकांचं तसं नसे. मोठ्या देशानं 'काय म्हणालात' विचारायचं नसतं, त्यात नामुष्की असते.

ताईच्या जिवाला घोर एकच होता. बहिणीला बाळंतपणासाठी इकडे आणायचं होतं, आणि सीमेवरचा परवाना मिळत नव्हता. अखेर मिळाला. त्या दिवशी सकाळी जावईबापूंनी कळवलं की ती गाडीत बसली, दुपारी सीमेवरचा पूल ओलांडेल.

दुपारीच मंत्रीसाहेब खाली आले, मागे सगळे सेनापती. साहेबांना फेऱ्या मारत बोलायची सवय. माझी वायर ताणत त्यांनी पलीकडच्या मंत्र्यांना बजावलं, खडकापासून जहाज मागे घ्या.

पलीकडून उत्तर आलं, "बघू. समजून घेऊ."

माझ्यात खरखर झाली. इकडे पोचलं ते एवढंच: "बघू… न घेऊ."

"बघून घेऊ म्हणतो," साहेब सेनापतींना म्हणाले आणि रिसिव्हर आपटला. कोणालाही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. सगळे इतकी वर्षं तेच ऐकायला बसले होते.

ताई सोडून खोली रिकामी झाली आणि मी वाजलो. जावईबापू होते. "ताई, तुमच्या साहेबांनी फोन का आपटला? आमचे तर समजून घेऊ म्हणाले."

ताई धावत जिन्यात गेली. साहेबांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, "विमानं निघाली आहेत, बाई. आता अर्थ बदलून चालणार नाही."

विमानं कुठे निघाली, हे तिनं विचारलं. पुलावर, असं उत्तर मिळालं.

ती परत आली. जावईबापू अजून लाइनवरच होते. त्यांनी विचारलं, "ताई, पोचली का ती?"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात खरखर अजिबात नव्हती. शब्द न् शब्द स्वच्छ आला. तरी ताई म्हणाली, "काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा विचारलं. तिनंही पुन्हा तेच विचारलं. लाइन मरेपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं.

आता माझ्यावर छत नाही, तळमजल्यावर थेट ऊन येतं. रीतीप्रमाणे शेवटी काही शिकवायचं असतं, म्हणून सांगतो: वस्तूंची निगा राखा, आणि नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा. मघापासून मित्रांनो, मित्रांनो म्हणतो आहे खरा. पण इकडून किंवा तिकडून कोणीही 'काय म्हणालात' असं अजून विचारलेलं नाही.