कमजोर ट्रान्झिस्टरचा भरदार सूर

मित्रांनो, भुईमुगाच्या दाण्याएवढं अंग आणि केसांसारखे तीन पाय असलेला मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. रेडिओतला बारीक आवाज मोठा करणं हे आम्हा ट्रान्झिस्टरांचं काम. पण माझी ताकद कारखान्यातच कमी भरली.

१९६७ साली मी मालवणच्या बाजारात, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुरुदासांच्या दुकानात आलो. त्यांनी मला एका रेडिओत जोडलं, तर बातम्या कुजबुजल्यासारख्या येऊ लागल्या. "ह्यो कामाचो नाय," म्हणत त्यांनी मला काढलं आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं. वर्षभर मी गंजक्या स्क्रूंच्या संगतीत पडून होतो. बाहेर माझे भाऊ गाणी ऐकवत आणि मला फार वाईट वाटे.

एके सकाळी शाळेतल्या पिएदादबाई धापा टाकत आल्या. बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाने त्यांना विजेची गिटार आणली होती आणि एका कागदावर दोन ट्रान्झिस्टरांची जोडणीही काढून दिली होती. त्या जोडणीतून गिटारचा सूर वाघासारखा गुरगुरतो म्हणे! बाईंनी ती स्वतःच्या हाताने साबणाच्या डबीत बसवली. पण लग्नघरातल्या तालमीत डबी नुसती किंचाळली. पाहुणे कानांवर हात ठेवून हसले. आणि धाकट्या बहिणीचं, आपोलिनाचं लग्न तर उद्यावर आलेलं!

"गुरुदासानू, तुमच्याकडचे सगळ्यात चांगले ट्रान्झिस्टर घातलंय मी. तरी बोंबलता! आता आपोलिनाक काय सांगू?" बाईंचे डोळे भरून आले होते.

गुरुदासांनी डबी उघडून निरखली. "गो बाय, पयलोच इतको जोरकस घातलंस! तो बारीकशी खरखरसुद्धा वाढवून पुढच्याक देता. हंय, पयल्या जागेर, जरा मवाळ व्हयो."

असं म्हणून त्यांनी बिस्किटांचा डबा उपडा केला. मला शोधलं, पुसलं आणि पहिल्या जागी तापलेल्या कथिलाचा डाग देऊन बसवलं. माझे पाय भाजले, पण आनंदाने मला ते कळलंच नाही.

बाईंनी सोबत आणलेली गिटार डबीतून दुकानातल्या रेडिओला जोडली आणि तार छेडली. किंचाळी नाही, खरखर नाही. घोगरा, भरदार सूर दुकानभर घुमला. समोरचा मासळीवाला टोपली घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"ह्योच तो! ह्योच!" बाई टाळ्या पिटत ओरडल्या.

"आणि मी ह्येका वर्षभर डब्यात कोंडून ठेवलंय," गुरुदास डोक्याला हात लावून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तारकर्लीच्या माडांखाली, भाड्याच्या लाउडस्पीकरमधून मी गुरगुरलो. तालमीत हसलेले पाहुणेच सर्वांत आधी नाचायला उठले. आपोलिनाने नवऱ्याचा हात सोडला आणि धावत येऊन बहिणीला मिठी मारली. गिटार दोघींच्या मध्ये चेंगरली, तरी मी वाजतच होतो!

मित्रांनो, एखाद्याची ताकद कमी भरली, तर त्याला टाकून देण्याआधी दुसरी जागा देऊन पाहा. आणि माझ्यासारख्याला उन्हात ठेवू नका हं, तापलो की माझा सूर बिघडतो. बाई डबी माठाशेजारी, गार सावलीत ठेवतात. आत्ता मात्र त्या मला उचलताहेत. बाहेर आपोलिनाच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला सगळे जमलेत. चला, मला वाजायला जायचंय!